कंपनी गेली, मी राहिलो

कळंबला गंगारामतात्यांच्या घरी कधी गेलात, तर आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर दिसेल. तिच्या खालच्या फळीवर एक काळं, जाडजूड घड्याळ ठेवलेलं असतं. पाहुणे ते उचलतात, मनगटाला लावून बघतात आणि हसतात. एवढं मोठं घड्याळ घालून कोण हिंडतं? मित्रांनो, ते घड्याळ नाही. तो मी, एक म्हातारा डाइव्ह कॉम्प्युटर.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाण्यात खोल बुडी मारणारा माणूस पाठीवरच्या टाकीतली हवा घेतो. जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढतो आणि त्या हवेतला नायट्रोजन त्याच्या अंगात मुरत जातो. सोड्याची बाटली हळूहळू उघडली तर गॅस सावकाश निघून जातो, झटक्यात उघडली तर सगळी फसफसून वर येते. माणसाच्या रक्ताचंही तसंच आहे. फार वेळ खोल राहून तसंच वर आलं, की अंगात बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, कधी जीवही जातो. म्हणून पाणबुड्याच्या मनगटावर मी असतो. तू किती खोल आहेस, अजून किती वेळ थांबता येईल, आता वर चल, वाटेत जरा थांब, एवढं मी आकड्यांत सांगतो. मला दुसरी भाषा येत नाही.

माझा जन्म फार लांबचा, एका थंड देशातल्या बंदराच्या गावी. कंपनी लहान होती. तिथले लोक आम्हांला एका पोलादी भांड्यात ठेवायचे, आत पाणी भरायचे आणि समुद्राच्या तळाशी असतो तसा दाब द्यायचे. जो बरोबर आकडा सांगेल तोच खोक्यात जायचा. मी बरोबर सांगितला. माझ्या खोक्यावर छापलं होतं, 'आयुष्यभराची साथ'. आयुष्य कोणाचं, ते मात्र कुठे लिहिलं नव्हतं.

तिथून मी मुंबईच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून अंजलीच्या हातात. अंजली ही गंगारामतात्यांची थोरली लेक. बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली आणि मालवणला समुद्रातल्या प्रवाळांची पाहणी चालायची तिथे कामाला लागली. इकडे माळावर वाढलेली पोर समुद्राच्या तळाशी जाऊन प्रवाळ मोजते, हे गावाला बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. तिने मला घेतलं त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर माझा नंबर आणि स्वतःचं नाव नोंदवलं. पुढे तिच्या प्रत्येक बुडीची हकिकत माझ्याकडून तिच्या फोनवर आणि फोनवरून कंपनीकडे जात राहिली. किती खोल, किती वेळ, पाणी किती गार, सगळं.

पहिल्या सुट्टीत ती मला घेऊन घरी आली. तिची आई, तुळसाबाई, मला उलटंपालटं करून बघत म्हणाली, "अगं, ह्याच्यात वाजलं किती तेच दिसंना. कसलं घड्याळ हे?"

"आई, ते वेळ सांगायला न्हाय. मला वर कधी यायचं ते सांगतं."

तुळसाबाईंनी मला ओच्याने पुसलं आणि लेकीच्या हातात परत दिलं. "मग ऐकत जा त्याचं," एवढंच त्या म्हणाल्या.

अंजली माझं ऐकायची. मालवणच्या पाण्यात आम्ही कितीतरी वर्षं काढली. हिरव्या उजेडात हलणारी समुद्री झाडं मी पाहिली, कासवं पाहिली, खडकाच्या कपारीत दडून बसलेले मासे पाहिले. तिच्याबरोबर बुडी मारणारा सावळाराम नावाचा वयस्क पाणबुड्या होता. त्याने सारी उमर दोरी, किती खोलीवर किती वेळ थांबायचं त्याचं छापील कोष्टक आणि साधं घड्याळ यांच्यावर काढली होती. तोसुद्धा बोटीत बसल्यावर आधी माझ्याकडे एक नजर टाकायचा. ते माझे मानाचे दिवस होते.

पुढे मालवणचं काम संपलं आणि अंजली घरी परतली. धाकटा भाऊ अनुप आयटीआय करून रिकामाच होता. तिने त्याला बुडी मारायला शिकवलं, मालवणला पाठवून रीतसर परीक्षा द्यायला लावली आणि माझ्याच कंपनीचा एक कॉम्प्युटर त्यालाही घेऊन दिला. मग भावंडांनी इंदापूरच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यात काम सुरू केलं. धरणाकाठच्या गावांच्या पाणीयोजना असतात, त्यांच्या पाण्याखालच्या जाळ्या साफ करायच्या, निसटून पडलेली मोटर शोधून बाहेर काढायची, असली कामं. मालवणच्या मानाने हे पाणी अगदीच वेगळं. मातकट, गढूळ, हात पुढे केला तर पंजा दिसत नाही. तळाशी जुन्या शेतांचे बांध, वाळलेल्या बाभळी, कुठे एखाद्या विहिरीचं तोंड. अशा पाण्यात माणसाला वर कुठे आणि खाली कुठे हेही कळत नाही. तिथे माझा उजळलेला आकडा हाच त्याचा आधार.

आता दुःखाचा भाग आला.

अनुपचा कॉम्प्युटर मध्येच काळा पडायला लागला. त्याने तो मुंबईच्या दुकानामार्फत कंपनीकडे दुरुस्तीला पाठवला. दोन-तीन महिन्यांत येईल असं दुकानदार म्हणाला. तो आला नाही. मग एके सकाळी अंजलीने फोनवर कंपनीचं अ‍ॅप उघडलं, तर ते उघडेना. वेबसाइटवर चार ओळी होत्या. कंपनी बंद करण्यात आली आहे, आजवरच्या विश्वासाबद्दल आभार. तिच्या मालवणच्या सगळ्या बुड्यांची हकिकत त्या कंपनीकडे होती. ती गेली. पुढे कुठे नोकरीला अर्ज करायचा झाला तर मी इतक्या बुड्या मारल्या, हे दाखवायला तिच्याजवळ काही उरलं नाही.

तिने दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा स्वतःच गांगरलेला होता. "मॅडम, कंपनीच राहिली नाही, तर मी दाद कोणाकडे मागू? तुमच्या भावाचा पीस तिथल्या गोदामात अडकलाय आणि गोदामाला कुलूप आहे. तुमच्यासारखे बारा जण माझ्याकडे रोज विचारतात."

अनुप म्हणाला, "म्हणजे आपलीच वस्तू, अन् आपल्यालाच मिळंना?"



मित्रांनो, कंपनी बंद पडली की कामगारांची नोकरी जाते, हे तुम्ही ऐकलं असेल. गिऱ्हाइकाचं काय होतं, ते सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या हातात वस्तू असते, ती चालतही असते, पण ती पोरकी होते. तिच्यात काही बिघडलं तर कोणाला विचारायचं, हे कळत नाही. जगभरच्या अशा गिऱ्हाइकांनी मिळून फोनवर एक गट काढला. अंजलीही त्यात गेली. कोणी जुन्या बॅटऱ्या वाटून घेत होतं, कोणी आपला बिघडलेला कॉम्प्युटर मोडून त्याचे भाग दुसऱ्याला पाठवत होतं. कोणी नुसतं विचारत होतं, 'कोणी आहे का?'

थोड्याच दिवसांत माझी बॅटरी उतरली. आधी ती कंपनीच बदलून द्यायची, कारण माझ्या पाठीवरच्या झाकणाखाली रबराची एक बारीक कडी असते. तिला ओ-रिंग म्हणतात. झाकण उघडलं की ती नवी घालावी लागते, नाहीतर पाणी आत शिरतं. दुकानदाराने तर हात लावायलाच नकार दिला.

तेव्हा गंगारामतात्या म्हणाले, "आण हिकडं. मी बघतो."

तात्यांनी वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य घालवलं. कारखान्याच्या चाळीतच दोन्ही लेकरं वाढली. निवृत्त झाल्यावर कळंबला घर बांधलं, थोडीशी शेती होती ती करू लागले. यंत्राचं काम निघालं की त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच कळा यायची. त्यांनी व्हर्नियरने माझी जुनी रिंग मोजली, बारामतीच्या एमआयडीसीत जाऊन तसल्याच रिंगा आणल्या, त्यांतली एक निवडली, तिला बोटाने ग्रीस लावलं आणि बसवली. नवी बॅटरी घातली. मग मला चक्क तुळसाबाईंच्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात सोडलं.

"अहो, ते समुद्रात लोळून आलंय," तुळसाबाई कुरकुरल्या. "आता पाणी कुठलं प्यायचं?"

"घंटाभर थांब की. पोरीचा जीव हाय ह्याच्यावर."

मी हंड्यातून निघालो तो ठणठणीत. तात्यांनी मला अंजलीच्या हातात दिलं, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. कंपनीला जमलं नाही ते आपण केलं, असं काही त्यांच्या मनात नव्हतं. लेकीच्या कामात आपला हात लागला, एवढंच.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी झपाट्याने खाली चाललं होतं. काठावरच्या एका गावचा सरपंच गोकुळ सकाळीच कळंबला येऊन बसला. त्यांच्या पाणीयोजनेच्या पाइपचं तोंड नदीच्या जुन्या पात्रात, खोल होतं. मासेमारीची फाटकी जाळी वाहत येऊन त्या तोंडाला गुंडाळली होती. मोटर चालू केली की नुसती धापा टाकायची. गावात टँकर येत होता, तोही एकदिवसाआड.

"ताई, बायामाणसं उन्हात हंडे घेऊन बसत्यात," गोकुळ म्हणाला. "तेवढं तोंड मोकळं करून द्या. बाकी काय मागणं न्हाय."

कॉम्प्युटर एकच होता, मी. अंजलीने मला अनुपच्या मनगटावर बांधलं, कारण तळाशी बसून जाळी कापायचं काम तो करणार होता. ती त्याच्या बरीच वर राहून दोरी आणि कापलेले तुकडे सांभाळणार होती.

"आकडा बघत राहा," तिने त्याला बजावलं. "ह्याने वर चल म्हटलं की हातातलं टाकून यायचं."

"व्हय ताई."

आम्ही खाली गेलो. मी सोळा मीटर दाखवलं. तेवढ्या खोलीवर माणूस तासभर सहज काम करू शकतो, म्हणून मी अनुपला थांबू दिलं. नायलॉनची जाळी चिवट असते. तो कापत राहिला. वर आला, थोडा विसावा घेतला, पुन्हा गेला. मी पुन्हा सोळाच दाखवलं आणि पुन्हा थांबू दिलं. मला आत जे जाणवत होतं तेच मी सांगत होतो. ते चुकीचं आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी काठावर येऊन अनुप भाकरी खायला बसला. घास तोंडापर्यंत नेता नेता त्याचा हात थांबला. "ताई, कोपरात ठणकतंय," तो म्हणाला. अंजलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो उठायला गेला आणि डाव्या अंगाला कलंडला. "पाय कुठं गेला माझा? लागंना झालाय."

अंजलीचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबले नाहीत. तिने त्याला आडवं झोपवलं, जवळची ऑक्सिजनची टाकी त्याच्या तोंडाला लावली आणि गोकुळला म्हणाली, "गाडी काढा. बारामती." गोकुळ गाडीकडे धावला. बारामतीच्या डॉक्टरांनी सलाइन लावून त्यांना लगेच पुण्याला पाठवलं. तिथल्या एका रुग्णालयात दाबाची खोली असते. माणसाला तिच्यात ठेवून पुन्हा दाब वाढवतात आणि मग अगदी सावकाश कमी करतात, म्हणजे अंगातले बुडबुडे विरतात.

मी अनुपच्या कपड्यांबरोबर पिशवीत होतो. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घरी आली. तात्यांनी मला बाहेर काढलं, उजेडात धरलं. माझ्या काचेखाली एका कडेला धुरकट डाग आला होता, आरशावर वाफ धरते तसा.

तात्यांनी तो अंगठ्याने पुसून पाहिला, निघेना. मग अगदी हळू म्हणाले, "पाणी गेलं आत. माझी रिंग."

तुळसाबाई भांडी घासत होत्या. त्यांनी ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. त्यांचा मुलगा रुग्णालयात होता. 

अंजलीने घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हे. तिने लांब दोरीला मीटरमीटरवर खुणा केल्या, टोकाला वजन आणि मला बांधलं आणि गोकुळच्या माणसाबरोबर होडीतून जाऊन त्याच जागी सोडलं. दोरी म्हणाली, चोवीस. वर काढल्यावर माझ्या आठवणीत होतं, सोळा. म्हणजे अनुप चोवीस मीटर खोल बसला होता आणि मी त्याला सोळाचा हिशेब सांगत होतो. चोवीसवर त्याला अर्धा तासही थांबायला नको होतं.

तिने हे घरी सांगितलं तेव्हा तात्यांनी नुसती मान हलवली. दोष आपल्या रिंगचा, हे त्यांचं ठरूनच गेलं होतं. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवलं. झाकण मात्र उघडून पाहिलं नाही. आत पाणी दिसेल, ही भीती. अनुप दाबाच्या खोलीत तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर त्याचा पाय हलला, बोटं मात्र बधिर राहिली. त्याचा फोन यायचा, तेव्हा तात्या उठून गोठ्याकडे जायचे. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि हात धुवायचे. शेजारच्याने पाण्याची मोटर दुरुस्तीला आणली, तर म्हणाले, "माझ्याच्यानं व्हत न्हाय आता." आयुष्यभर ज्यांनी पोलादाला आकार दिला, ते साधा नटही पिळेनात.

"आबा, रिंगच कारण असंल असं काय न्हाय," अंजली वडिलांना म्हणायची.

"मग कोण हाय? ज्यानं बनवलं त्याला विचारायचं तर त्यो हाय कुठं?"

मित्रांनो, मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे. बनवणारा निघून गेला की चूक कोणाची, हे सांगणाराही कोणी उरत नाही. मग जो साधा, मायाळू माणूस त्या वस्तूला शेवटचा हात लावतो, तोच स्वतःला दोषी धरतो.

अंजलीने सगळं त्या गिऱ्हाइकांच्या गटात लिहिलं. दोरीची खूण काय, माझा आकडा काय, भावाला काय झालं, वडिलांनी काय बसवलं, काहीही लपवलं नाही. चार दिवस लोक हळहळत राहिले. मग एका बाईचा निरोप आला, मला तुमच्याशी बोलायचं आहे. त्या बंद पडलेल्या कंपनीत ती इंजिनिअर होती.

तो फोन तात्यांच्या ओट्यावर झाला. फोनच्या पडद्यावर एक पिकल्या केसांची, दमलेली बाई होती. ती इंग्रजीत बोलत होती आणि अंजली मराठीत सांगत होती. तिने माझा नंबर विचारला.  मग म्हणाली, "मागचं झाकण उघडून मला दाखवता का?"

अंजलीने हात पुढे केला, पण तात्यांनी पेटी स्वतःकडे ओढली. फडकं सोडलं. नाण्याची कड माझ्या झाकणाच्या खाचेत घातली.  झाकण फिरलं, निघालं.

आत कोरडं होतं. बॅटरी नव्यासारखी चकचकीत होती. ग्रीस जसं लावलं तसंच, सगळीकडून सारखं दाबलेलं. तात्यांनी करंगळी आत फिरवली आणि बोटाकडे पाहिलं. पुन्हा फिरवली.

"अंजले, पाणी न्हाय," ते म्हणाले.

तिकडून ती बाई बोलू लागली. अंजलीने ऐकून घेतलं आणि वडिलांकडे वळली. "आबा, ती म्हणते, रिंग अगदी बरोबर बसलीय. काचेवरचा डाग पाण्याचा न्हाय, काचेखालचा थर जुना झाला की तसं दिसतं. बिघाड दाब मोजणाऱ्या भागात हाय. ह्याच्या बरोबर जेवढे बनले, त्यांतल्या पुष्कळांत तो भाग काही वर्षांनी मंद होतो आणि खोली कमी दाखवायला लागतो. त्यांना कळलं होतं. सगळ्यांना कळवून परत मागवायचं ठरत होतं, तेवढ्यात कंपनी बंद झाली."

"त्यांना कळलं व्हतं?"

"व्हय."

 त्या बाईने मान खाली घातली होती. तिने आणखी काहीतरी सांगितलं. अंजली म्हणाली, "ती म्हणते, सगळे पांगले, प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणीतरी सांगंल. ती माफी मागतेय."

 तात्या रिंग बोटावर घेऊन ती अंगठ्याने चोळत बसले. मग म्हणाले, "तिला म्हणावं, आमच्या पोराचा पाय वाचला. दुसऱ्या कोणाचा जायच्या आत सगळ्यांना सांग. आजच सांग."

फोन संपला. तात्या उठले, नळावर जाऊन हात स्वच्छ धुतले, आत गेले आणि पाटावर बसले.

"तुळसा, वाढ जेवायला," ते म्हणाले.

तुळसाबाईंनी भाकरी वाढली. दुसरी वाढली. तिसरी वाढताना त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि तात्यांनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

त्या बाईने शब्द पाळला. गटातल्या लोकांनी आपापले कॉम्प्युटर दोरीला बांधून पाण्यात सोडले. केरळातल्या एका माणसाचा चुकीचा निघाला, थायलंडमधल्या दोघांचे निघाले, आणखीही निघाले. त्यांनी ते मनगटावरून काढून ठेवले. ते सगळे माझेच भाऊ. आम्ही निवृत्त झालो, पण कोणाचा जीव घेऊन नाही, याचं मला समाधान आहे.

गोकुळच्या गावाचं काम मात्र तसंच राहिलं होतं. अनुप काठी टेकत घरी आला. वर्षभर पाण्यात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंजलीने मालवणहून सावळारामला बोलावून घेतलं. जुन्या पद्धतीनेच काम करायचं ठरलं. खुणांच्या दोरीने खोली मोजायची, कोष्टकात बघून वेळ ठरवायची, आणि ती वेळ काठावरच्या माणसाने पाळायची. वेळ संपली की दोरीला दोन झटके. पाण्यातल्याने लगेच निघायचं.

"काठावर कोण?" सावळारामने विचारलं.

"मी बसते," तुळसाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. लेकीच्या कामाकडे त्या कधी फिरकल्या नव्हत्या. पाण्याची त्यांना भीती होती. "वेळ बघायला काय शाळा लागत न्हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि पिशवीत घातलं.

त्या दिवशी तात्यांनी मला सदऱ्याच्या खिशात घालून नेलं. का, ते मला ठाऊक नाही. काठावर चिंध्या अंथरलेल्या दगडावर ते घड्याळ टेकवून तुळसाबाई बसल्या. एका हातात दोरी, नजर काट्यावर. अनुप शेजारी बसला होता. त्याने एकदा पाणी पुढे केलं, तर त्यांनी मानही वळवली नाही. गावातल्या बाया रिकामे हंडे घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. अंजली आणि सावळाराम खाली जाळी कापत होते. वर बुडबुडे येत होते आणि जाळीचे काळे तुकडे एकामागून एक तरंगत होते.

वेळ भरली. तुळसाबाईंनी दोरीला दुसराही हात घातला तसा गोकुळ पुढे झाला. "काकू, जरा थांबा की. थोडंच ऱ्हायलं दिसतंय. तेवढं झालं की आजच पाणी सुरू हुईल."

त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्यामागे सगळं गाव उभं होतं.

तुळसाबाईंनी काट्यावरची नजर न काढता म्हटलं, "गोकुळराव, पाणी उद्या बी येईल. माझी लेक आत्ता आली पायजे." आणि त्यांनी दोरीला दोन झटके दिले.

काही वेळ काहीच झालं नाही. मग बुडबुडे हळूहळू काठाकडे सरकू लागले. मध्ये एका ठिकाणी बराच वेळ थांबले, कारण थांबायचं होतं. तुळसाबाईंचे ओठ हलत होते. शेवटी अंजलीचं डोकं पाण्यावर आलं. तिने तोंडातली नळी काढून आईकडे पाहिलं आणि अंगठा व तर्जनी जुळवून दाखवली. म्हणजे, मी ठीक आहे. त्या खुणेचा अर्थ तुळसाबाईंना कोणी सांगितला नव्हता, तरी त्यांना तो कळला.

राहिलेली जाळी दुसऱ्या दिवशी निघाली. गावात पाणी आलं.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. तात्यांनी माझी बॅटरी काढली आणि पट्ट्यावर रंगाने लिहिलं, 'पाण्यात नेऊ नये'. अनुप आता काठावर बसून भावी पाणबुड्यांना शिकवतो. त्याच्या डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. अंजलीने नव्या कंपनीचा कॉम्प्युटर घेतला, पण दर महिन्याला ती त्याला दोरीला बांधून पाण्यात सोडते आणि त्याचा आकडा दोरीशी ताडून बघते.

मित्रांनो, एखादी वस्तू घेताना तिचं रूप बघता, किंमत बघता, तसं एवढंही विचारा की उद्या हिला काही झालं तर कोणाकडे जायचं. जिच्यावर जीव अवलंबून आहे, ती कितीही गुणी असली तरी मधूनमधून पडताळून बघा. आम्हां वस्तूंना त्याचा राग येत नाही. आणि तुमच्यातले कोणी मोठेपणी काही बनवाल, कारखाने काढाल. ते चालतील, कधी बंदही पडतील. त्यात लाज नाही. पण दाराला कुलूप लावण्याआधी, तुमच्या वस्तूत काय बिघडतं ते घेणाऱ्यांना सांगून जा. आमच्या लोकांनी तेवढं सांगितलं असतं, तर अनुपच्या बोटांत जाग राहिली असती, आणि एका निर्दोष बापाने इतके दिवस भरल्या ताटावरून उपाशी उठायचं कारण नव्हतं.